घाटमाथ्यावरचा ट्रेलर: बेळगाव परिसरातून कॅम्पिंग सहलीचे नियोजन

कोकणातून किंवा गोव्यातून येणारा प्रवासी आधी घाट चढतो आणि मग माथ्यावर विसावतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात राहणाऱ्यांचे गणित याच्या उलट आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. म्हणजे घरातून निघतानाच आपण घाटमाथ्यावर असतो आणि घाट आपल्याला प्रथम भेटतो तो उतार म्हणून. मागे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडलेला असला की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण पाण्याची टाकी, शिधा आणि सामान यांनी ट्रेलर सर्वांत जड असतो तो सहलीच्या सुरुवातीलाच, आणि नेमक्या त्याच वेळी सर्वांत कठीण उतार समोर येतो.

म्हणून जागा, जेवण, छायाचित्रे यांच्या आधी एक प्रश्न सोडवावा: ट्रेलर घाटाखाली नेण्याची खरोखर गरज आहे का? माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या काही सहलींत ती नसते. जांबोटी, कणकुंबी, चंदगड, आंबोली हा सारा भाग माथ्यावरच आहे. तेथे ट्रेलर उभा करून तळ ठोकावा आणि गोव्याकडे किंवा सावंतवाडीकडे उतरायचे असल्यास केवळ मोटार घेऊन उतरावे. पुढील मांडणी हेच सूत्र धरून केली आहे. तरीही ज्यांना ट्रेलरसह उतरायचेच आहे त्यांच्यासाठी त्याची रीतही पुढे सांगितली आहे.

या सूत्रामागे साधे पदार्थविज्ञान आहे. मोटार, ट्रेलर, माणसे आणि सामान मिळून २,४०० किलो वजन धरले आणि ते ६०० मीटर खाली उतरवले, तर सुमारे १.४ कोटी ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. साध्या भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत हंडाभर गार पाणी तीन वेळा उकळून निघेल. हिशेबाने ते सुमारे ४५ लिटर भरते. ही सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांवर टाकायची की इंजिनाने अडवून धरायची, हे चालकाच्या हातात असते. वजन वाढले की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. रस्ता मात्र तेवढाच राहतो.

पहिली पायरी: वजन

ट्रेलर विकणारा जे वजन सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचे असते. आपल्याला हवे असते ते निघण्याच्या सकाळचे वजन. एक उदाहरण घेऊ. रिकामा ट्रेलर ५०० किलो, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, बॅटरी ३० किलो, घरगुती १४.२ किलोचा भरलेला गॅस सिलिंडर टाकीच्या वजनासह सुमारे ३० किलो, तंबूचा पुढचा मांडव आणि त्याच्या काठ्या ४० किलो, भांडी व शिधा ४० किलो, अंथरूण-पांघरूण व कपडे ५० किलो. बेरीज ७५० किलो होते. म्हणजे ट्रेलरचे वजन मूळच्या दीडपट झाले, आणि यातली एकही वस्तू चैनीची नव्हती.

आता मोटारीकडे पाहावे. मोटारीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते हा आकडा दिलेला असेल, तर तोच अंतिम मानावा. आपल्याकडच्या अनेक मोटारींच्या पुस्तिकांत असा आकडा नसतो. तेव्हा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी खुलासा घ्यावा, कारण ओढण्याचा हूक बाहेरून बसवल्याने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. कॅरव्हान ओढणाऱ्या नवशिक्यांसाठी एक ढोबळ नियम सर्वत्र सांगितला जातो: भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. तो नियम बहुतांश सपाट महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून चालतो. सह्याद्रीतल्या रस्त्यांसाठी मी ती मर्यादा तीन चतुर्थांशावर आणावी असे सुचवतो, आणि अर्थातच कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर कंपनीचीच पाळावी.

वजन करण्याची सोय आपल्या भागात चांगली आहे, कारण उसाचा पट्टा असल्याने वजनकाटे गावोगाव सापडतात. काट्यावर तीन नोंदी घ्याव्यात. प्रथम ट्रेलर सोडवून केवळ मोटार, माणसांसह. नंतर ट्रेलर जोडून, पण मोटारीची चाकेच फक्त काट्यावर ठेवून. शेवटी दोन्ही एकत्र. दुसऱ्या नोंदीतून पहिली वजा केली की ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावरून मोटारीच्या हुकावर येणारा भार कळतो, आणि तिसरीतून पहिली वजा केली की ट्रेलरचे पूर्ण वजन कळते. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक दिसतच नाही, त्यामुळे जोडदांड्यावरचा भार घरी पुन्हा तपासावा. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत, दांडा हुकाच्या उंचीइतका राहील असा लाकडी ठोकळा वजनाच्या घरगुती काट्यावर उभा करावा आणि दांडा त्यावर टेकवून आकडा वाचावा.

हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के असावा. आपल्या उदाहरणात ७५ किलो. मात्र हूक आणि मोटार यांना किती भार चालतो ती मर्यादा ओलांडू नये. भार फार कमी असला, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलेले असले, तर उतारावर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. भार फार जास्त असला तर मोटारीचे मागचे अंग दबते, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि समोरचे दिवे आभाळाकडे बघू लागतात. उसाच्या ट्रॉलीचा चालक मागच्या बाजूला मोळ्या जास्त झाल्या तर तत्काळ हरकत घेतो, त्याचे कारण हेच आहे. जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या जवळ आणि तळाशी, मध्यम वस्तू पुढे, हलक्या वस्तू वरच्या कप्प्यांत, आणि सर्वांत मागे शक्यतो काहीच नाही, असा भरण्याचा क्रम ठेवावा. पाण्याची टाकी आसाच्या मागे असेल तर ती एक तर पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी ठेवावी. अर्धवट टाकीतले पाणी प्रत्येक वळणावर आपला भार स्वतः हलवत राहते. माथ्यावरच्या तळावर पाणी मिळणार असेल तर घरातून पिण्यापुरतेच न्यावे, ६० किलोंतले बरेचसे तेथेच वाचतात.

दुसरी पायरी: कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या करतो. त्यामुळे ट्रेलरची नोंदणी, त्याची स्वतःची क्रमांकपट्टी आणि विमा यांचा विचार मोटारीबरोबर आपोआप झाला असे समजू नये. विमा कंपनीला लेखी विचारावे की ट्रेलर जोडलेला असताना मोटारीचा विमा लागू राहतो का आणि ट्रेलरमुळे तिसऱ्या पक्षाचे नुकसान झाल्यास ते कोणत्या पॉलिसीत येते. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला ट्रेलर सुंदर आणि मजबूत असू शकतो, पण नोंदणीची वाट ठरवल्याशिवाय त्याचे काम सुरू करू नये. आधी प्रादेशिक परिवहन कार्यालय, मग वेल्डर.

आपल्या सहलीत एका दिवसात तीन राज्यांच्या हद्दी लागू शकतात, कारण चोर्ला घाटाच्या परिसरात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमा एकमेकींच्या अगदी जवळ येतात. मूळ कागदपत्रे किंवा डिजिलॉकरमधल्या प्रती हाताशी ठेवाव्यात. गोव्याहून परतताना सीमेवरील नाक्यावर मद्यासाठी तपासणी होते, आणि चार कप्प्यांचा ट्रेलर दिसला की ती सावकाश होते. परवान्याविना मद्य आणू नये, आणि कप्पे उघडता येतील असे सामान भरावे.

तिसरी पायरी: जोड, ब्रेक, चाके

ज्या एका गोष्टीवर सर्व काही टांगलेले असते ती म्हणजे कपलर, अर्थात जोडदांड्याच्या टोकाची पकड, आणि त्याखालचा मोटारीच्या हुकाचा गोळा. दोन्हींचे माप एकच असले पाहिजे; ५० मिलिमीटरचा कपलर आणि किंचित लहान गोळा ही जोडी सपाट रस्त्यावर टिकते आणि खड्ड्यात सुटते. कपलर बसवल्यावर पुढच्या जॅकच्या चाकाने दांडा वर उचलून पाहावा. मोटारीचे मागचे अंग त्याबरोबर उचलले गेले तर कुलूप नीट बसले आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून, फुलीच्या आकारात जोडाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी तार असेल तर ती साखळीला नव्हे, मोटारीच्या सांगाड्याला अडकवावी.

ब्रेक हा स्वतंत्र विषय आहे. हलक्या ट्रेलरला अनेकदा ब्रेकच नसतात आणि त्याचा सारा भार मोटारीच्या ब्रेकवर येतो. असा ट्रेलर घेऊन मी घाट उतरणार नाही. काही ट्रेलरांना दाबाने लागणारे ब्रेक असतात: मोटार हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, दांडा दबतो आणि ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ही योजना उत्तम आहे. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत पुढे ढकलतच असतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि तापत जातात. मोटारीत बसलेल्याला त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. मोटारीतून नियंत्रित होणारे विजेवरचे ब्रेक या बाबतीत अधिक सोयीचे असतात, कारण ते चालकाच्या इच्छेनुसार लागतात आणि सुटतात.

ट्रेलरच्या टायरची झीज सहसा कमी दिसते, पण त्याचे वय जास्त असते. वर्षातले महिने तो अंगणात उभाच असतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. हवा टायर थंड असताना तपासावी. चाकांचे नट नवीन बसवले असतील तर पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. थांबाल तेथे ट्रेलरच्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक यांचा संशय घ्यावा. ट्रेलरच्या टायरचे माप मोटारीपेक्षा वेगळे असेल तर त्याचा स्वतंत्र स्पेअर टायर हवा. खानापूरच्या पुढे जंगलाच्या भागात ते माप मिळेल या आशेवर राहू नये.

चौथी पायरी: मागे घेणे शिकणे

सुट्टीच्या दिवशी एखादे मोकळे मैदान किंवा कापणी झालेले, कोरडे शेत निवडावे आणि ट्रेलर मागे घेण्याचा सराव करावा. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला एक हात धरावा. ट्रेलरचे मागचे अंग ज्या दिशेला न्यायचे त्याच दिशेला हात सरकवावा. हालचाल थोडी आणि सावकाश ठेवावी. मोटार आणि ट्रेलर यांच्यातला कोन वाढत चालला की मागे घेणे तत्काळ थांबवून दोन मीटर पुढे जावे आणि सरळ होऊन पुन्हा सुरुवात करावी. कोन आणखी वाढू दिल्यास दांडा मोटारीच्या मागच्या अंगावर आदळतो. लांब ट्रेलरपेक्षा आखूड ट्रेलर मागे घेणे अवघड असते, हे बहुतेकांना उलटे वाटते. आपल्या गावांतले ट्रॅक्टरचालक उसाच्या ट्रॉल्या अरुंद बोळांतून सहज मागे घेतात. त्यांच्यापैकी कोणा काकांना विनंती करून त्यांच्या शेजारी तासभर बसले, तर व्हिडिओंपेक्षा अधिक शिकायला मिळते. मागे उभे राहून खुणा करणाऱ्या माणसाने चालकाला आरशात दिसेल अशा जागीच उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे. हा एक नियम घरातल्या सर्वांत मोठ्या भांडणापासून वाचवतो.

पाचवी पायरी: दिवस ठरवणे

जून ते सप्टेंबर या काळात ट्रेलर घेऊन घाटाच्या दिशेने जाऊ नये. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, धुके पुढच्या मोटारीचे दिवेही दिसू देत नाही, आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी थांबणाऱ्या गर्दीत ट्रेलर वळवायला जागा मिळत नाही. कणकुंबी-जांबोटीचा पट्टाही पावसाने असाच झोडपलेला असतो. ऑक्टोबरात जमीन मऊ असते आणि तळावर चाके रुततात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर गवत वाळते आणि वणव्याचा धोका वाढतो.

याच चांगल्या काळाची एक अडचण आहे, ती म्हणजे उसाचा हंगाम. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गोकाक या भागांत रस्त्यांवर दुहेरी ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, आणि अनेकांना मागचे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या नसतात. अंधारात असा ट्रॅक्टर अचानक समोर आला तर ट्रेलरसह थांबायला लागणारे अंतर बरेच वाढलेले असते. म्हणून सूर्योदयानंतर निघावे आणि सूर्य मावळण्याच्या तासभर आधी तळावर पोहोचलेले असावे. जंगलभागात याला आणखी एक कारण आहे: खानापूर, चंदगड आणि आंबोली परिसरात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात, आणि २००२ पासून दांडेलीकडून चंदगड-दोडामार्ग भागात आलेल्या हत्तींचा वावरही या पट्ट्यात आहे.

पंचांगही पाहावे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणाऱ्या वाहनांनी निपाणी ते बेळगाव आणि पुढचे रस्ते भरून जातात. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असताना सीमाप्रश्नाच्या तणावामुळे आंतरराज्य वाहतूक कधी कधी विस्कळीत होते. त्या दिवसांत सीमा ओलांडण्याचा बेत असल्यास निघण्याआधी स्थानिक बातम्या पाहाव्यात.

सहावी पायरी: मार्ग

मार्ग ठरवताना प्रत्येक टप्प्यासाठी एकच कसोटी लावावी: येथे काही अडले तर ट्रेलर वळवता येईल का? उपग्रह नकाशावर रस्त्याच्या कडेची मोकळी जागा, पेट्रोल पंप, शाळेचे मैदान, चौक अशा वळण्याच्या जागा शोधून त्यांच्या खुणा करून ठेवाव्यात आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण कणकुंबी आणि भीमगडच्या बाजूला फोनचे जाळे विरळ आहे. नकाशातला सर्वांत छोटा रस्ता ट्रेलरसाठी क्वचितच योग्य असतो. खानापूरहून हेम्मडगामार्गे अनमोडकडे जाणारी वाट नकाशावर जवळची दिसते, पण ती २०११ साली अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडच्या जंगलातून जाते. ट्रेलरसाठी लोंढा आणि रामनगरमार्गे मोठा रस्ताच धरावा.

पहिल्या सहलीसाठी बेळगावहून जांबोटी हा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा मला सर्वांत योग्य वाटतो. रस्त्यात मोठा उतार नाही, काही बिघडले तर बेळगाव जवळ आहे, आणि तेथे तळ ठोकून दुसऱ्या दिवशी केवळ मोटारीने कणकुंबीला मलप्रभेचे उगमस्थान पाहून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत जाता येते. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी खानापूरच्या बाजूचा मार्ग घ्यावा: नंदगड, जेथे २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णांना फाशी देण्यात आले, आणि हलशी, जेथे कदंबकालीन मंदिरे आहेत. हलशीच्या आतल्या रस्त्यांवर ट्रेलर नेऊ नये. तो तळावर ठेवून जावे.

दुसऱ्या सहलीत आंबोली घ्यावी. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा या मार्गाने आंबोली सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे आणि सर्व रस्ता माथ्यावरूनच जातो. निपाणी-संकेश्वरकडच्या वाचकांनी बेळगावला यायचे कारण नाही. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा हा रस्ता थेट आंबोलीला पोहोचवतो. येथेही ट्रेलर माथ्यावर आणि सावंतवाडीचा फेरफटका मोटारीने.

ट्रेलरसह उतरायचेच असेल तर कोणता घाट? तिलारी घाट यादीतून प्रथम काढावा. तो इतका तीव्र आणि अरुंद आहे की ट्रेलरला तेथे जागाच नाही. चोर्ला घाटाची वळणे आवळ आहेत आणि गोव्याच्या बाजूला उतार सलग आहे. अनुभव नसताना तो टाळावा. आंबोली आणि अनमोड हे दोन त्यातल्या त्यात बरे, कारण ते पूर्वीपासून मोठ्या वाहनांचे रस्ते आहेत. त्याच कारणाने अनमोडला मालट्रकांची वर्दळ असते, आणि मोलेमच्या बाजूला रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जात असल्याने वाटेत कोठेही तळ ठोकता येत नाही. घाट कोणताही असो, निघण्याच्या आदल्या दिवशी तो वाहतुकीसाठी खुला आहे का आणि ट्रेलर किंवा जड वाहनांवर बंदी आहे का, याची पोलिसांकडे चौकशी करावी.

सातवी पायरी: उतरणे आणि चढणे

घाटाच्या तोंडाशी थांबावे. कपलर, साखळ्या, दिवे, टायर एकदा फिरून पाहावेत, आणि उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणावा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम ट्रेलरसाठी तंतोतंत लागू पडतो. स्वयंचलित गिअरची मोटार असेल तर हाताने गिअर निवडण्याची किंवा खालच्या गिअरची सोय वापरावी. उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये टाकू नये. ब्रेकवर पाय ठेवून घाटभर उतरू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की थोडा वेळ ठामपणे ब्रेक दाबून वेग पाच-सहा किलोमीटरने कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला थंड व्हायला अवधी मिळतो. जळका वास आला, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले किंवा मऊ वाटू लागले, तर सुरक्षित जागा मिळताच थांबावे आणि चाकांवर पाणी न ओतता अर्धा तास तरी थंड होऊ द्यावे. गरम तबकडीवर पाणी ओतल्यास तिला तडा जाऊ शकतो.

वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूला सरकतात. त्यामुळे आवळ वळणावर वेग आधीच कमी करून, आपली मार्गिका न सोडता शक्य तेवढे बाहेरून वळावे आणि वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशातून ट्रेलरच्या चाकाकडे लक्ष ठेवावे. बंद वळणावर हॉर्न द्यावा. अरुंद जागी समोरून वाहन आले तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते, हा नियम वाहतूक नियमांतही आहे. ट्रेलर मागे आहे म्हणून तो बदलत नाही. मागे मोटारींची रांग लागली की पहिल्या सुरक्षित मोकळ्या जागी बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यावे.

ट्रेलर झुलू लागला तर दोन गोष्टी टाळाव्यात: एकदम ब्रेक दाबणे आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे. स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा. ट्रेलरचे ब्रेक मोटारीतून स्वतंत्रपणे लावता येत असतील तर तेवढेच हलके लावावेत. पुढच्या थांब्यावर सामान पुढे सरकवावे, कारण झुलण्याचे मूळ बहुधा भरण्यातच असते.

चढताना धोका वेगळा आहे: इंजिन तापते. तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर वातानुकूलन बंद करावे, आणि तरीही थांबत नसेल तर बाजूला थांबून इंजिन चालू ठेवून त्याला थंड होऊ द्यावे. चढावर थांबावे लागल्यास ट्रेलरच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत. दगड लावला तर निघताना तो उचलून कडेला ठेवावा. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले हे दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततात. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत.

आठवी पायरी: तळ

राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीविना तळ ठोकणे हा गुन्हा आहे, आणि या भागातली बरीचशी सुंदर मोकळी जागा वनखात्याचीच असते. म्हणून शेतघर, होमस्टे किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत अशी जागा आधीच फोनवर ठरवावी. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: फाटकाची रुंदी किती, आत ट्रेलर वळेल का, आणि पाऊस पडला तर जमीन चिखल होते का. चंदगड, खानापूरच्या गावांत मराठी चालते. कन्नड येत नसल्याने अडचण होईल असे मानायचे कारण नाही, तरी वनखात्याच्या नाक्यावर दोन शब्द कन्नडमध्ये बोलल्याने काम सुकर होते.

जागेवर पोहोचल्यावर क्रम चुकवू नये. आधी ट्रेलरचा हातब्रेक, मग दोन्ही चाकांना ठोकळे, मग पुढच्या जॅकचे चाक खाली, मग विजेची जोडणी आणि साखळ्या सोडवणे, आणि शेवटी कपलर उचलणे. उताराच्या जागी ठोकळ्यांआधी कपलर उचलला तर ट्रेलर निघून जातो, आणि ७५० किलोचा ट्रेलर कोणीही हाताने थांबवू शकत नाही. कोपऱ्यांचे आधारपाय ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलू नये.

गॅस सिलिंडर उभा, बांधलेला आणि हवेशीर कप्प्यात असावा आणि चालताना त्याचा व्हॉल्व्ह बंद असावा. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर रात्री थंडी चांगलीच असते, आणि ट्रेलरच्या आत कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी उबेसाठी पेटवण्याचा मोह होतो. तो जीवघेणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. एक जादा रजई घ्यावी आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावी.

भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी ओढ्यात सोडू नये. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे नविलुतीर्थ धरणात जाते आणि हुबळी-धारवाड तिचे पाणी पिते. बेळगावचे राकसकोप धरणही याच बाजूच्या मार्कंडेय नदीवर आहे. वापरलेले पाणी टाकीत साठवून तळाच्या मालकाने दाखवलेल्या जागीच रिकामे करावे. उरलेले अन्न बाहेर ठेवू नये, अस्वले आणि रानडुकरे त्याच्या वासाने येतात.

घरी परतल्यावर

ट्रेलर परतल्या दिवशीच उघडावा. पाण्याची टाकी आणि नळ पूर्ण रिकामे करावेत, तंबूचे कापड उन्हात कोरडे करूनच घडी घालावे, सिलिंडर काढून बाहेर ठेवावा आणि बॅटरी चार्ज करून जोड सोडवून ठेवावी. कपलर आणि गोळ्यावरची जुनी ग्रीस धुळीने करकरीत झालेली असते. ती पुसून नवी लावावी. वजनकाट्याच्या तिन्ही पावत्या ट्रेलरमधल्या वहीत चिकटवाव्यात आणि न वापरता परत आलेल्या वस्तू समोर लिहाव्यात. पुढच्या वेळी सामान भरताना त्या यादीतल्या वस्तू आधी वगळाव्यात, आणि ट्रेलर महिनाभराहून अधिक उभा राहणार असेल तर त्याचा आस जॅकवर उचलून टायरवरचा भार काढून ठेवावा.